कोरी चौकट

या, अशा जवळ या. मागच्या बाकांवर बसून ऐकायची ही गोष्ट नाही. पुढे सरका, उकडत असेल तर हा पुठ्ठ्याचा पंखा घ्या आणि ऐसपैस बसा. गोष्ट लहान आहे, कागदावरच्या एका चौकटीएवढी. तिच्यात कुणी मरत नाही, कुणी चोरी करत नाही. पण गाऊन सांगितलेल्या प्रवचनात पादरी कसा एकच शब्द धरतो, तोच घोळवतो, हळूहळू सुरात चढवतो, आणि कधी आपण उभे राहिलो हे आपल्यालाच कळत नाही, तसं काहीसं माझं या गोष्टीपाशी होतं. म्हणून सांगायची. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं मात्र नाही म्हणू नका.

ऑगस्टातल्या एका बुधवारी दुपारी अटलांटाच्या बाजूच्या मेकन शहरातल्या एका खानावळीत व्हर्लीन टूक्स ताट घेऊन रांगेत उभी होती. ताटात तळलेला मासा, कोलार्डची पालेभाजी आणि मक्याच्या पावाचा चौकोनी तुकडा. वाढणारी बाई विचारत होती, "गोडाला पीच कॉबलर घालू का गं, की अजून ते पथ्यच चाललंय?" आणि व्हर्लीन हसून "घाल, घाल" म्हणणार, एवढ्यात पर्समधला फोन थरथरला. तिनं सवयीनं पाहिलं. दोन ओळींचा, कुणी माणसानं न लिहिलेला निरोप होता. ब्रॅबहॅम फर्मच्या तपासणीचा निकाल आणि अहवाल राज्याच्या मंडळाला पाहण्यासाठी खुला करण्यात आला आहे. खाली तारीख, वेळ आणि एक लांबलचक क्रमांक. "घालू ना?" बाईनं पुन्हा विचारलं. व्हर्लीनला ते ऐकू आलं, पण पाण्याखालून आल्यासारखं. "नको," ती म्हणाली, आणि कशाला नको म्हणतोय ते तिचं तिलाच कळलं नाही. मागचा माणूस खाकरला तशी ती बाजूला झाली, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली, आणि समोरचा मासा निवत गेला. खुला करण्यात आला आहे. दार उघडल्यासारखे शब्द होते ते, सौम्य, कुणालाही बरे वाटावेत असे. आणि तिच्या डोळ्यांसमोर आली ती चौकट. संगणकाच्या पडद्यावरची, नखाएवढी, कोरी.

तिच्या धंद्यातली रीत अशी, की दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या फर्मचं कामही दर तीन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. बाहेरचा अंमलदार येत नाही, आपल्यातलाच कुणी येतो, फाइली मागतो, पानं उलटतो आणि शेरा देतो. पास, उणिवांसह पास, नापास. पूर्वी तो शेरा आपसातच राहायचा. चुकलेल्याला शिकवावं, चारचौघांत उभं करू नये, एवढाच त्यातला भाव. पुढे लोक म्हणू लागले की परवाना राज्याचं मंडळ देतं, तर त्यालाही कळायला हवं. वार्षिक सभेत त्यावर वाद झाला तेव्हा व्हर्लीन स्वतः उठून बोलली होती. "आपण दुसऱ्यांना म्हणतो वह्या उघडा. मग आपली वही उघडायची वेळ आली की पोटात का दुखतं?" टाळ्या पडल्या होत्या. शेवटच्या रांगेत होसिया ब्रॅबहॅम बसले होते, ब्रॅबहॅम फर्मचे मालक आणि देवळातले डीकन, म्हणजे पादऱ्याच्या हाताखालचे सेवक, मांडीवर टोपी ठेवून. त्यांनी टाळी वाजवली नव्हती, फक्त मान हलवली होती, देवळात एखादं वचन मनाला भिडलं की हलवायचे तशी. तिला त्या टाळ्यांपेक्षा ती मान मोठी वाटली होती.

कारण तिला या धंद्यात आणलं ते त्यांनीच. ती बावीस वर्षांची, अंगावर बहिणीचा झगा, आणि शहरातल्या बड्या फर्मांमधून हसून, गोड बोलून परत पाठवलेली. डीकननी तिला खुर्ची दिली, एक पेन्सिल दिली आणि पहिल्याच दिवशी खोडरबर काढून घेतलं. "हे इथं चालत नाही, पोरी. चूक होणार. माझीही होते. पण खोडायचं ते एकाच रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख. चूक लपवली की ती पाप होते; दिसू दिली की ती नुसती चूक राहते." आणि दुसरी गोष्ट, "जे कागदावर नाही ते केलंच नाही असं धरायचं. तू देवमाणूस असशील, पण कागदावर नाही तर नाही." हे सांगताना त्यांचा आवाज नकळत सुरात जायचा, शेवटचं अक्षर लांबायचं, जणू कोपऱ्यात कुणी ऑर्गनवर बोटं ठेवून वाट पाहत बसलंय. रविवारी देवळात पादरी लाईल्स प्रवचन वर चढवू लागले की पहिल्या बाकावरून पहिली हाक डीकनचीच असायची. "हं, सांगा!" आणि मग "थांबू नका, थांबू नका!" आणि लाईल्स थांबत नसत. देवाच्या शब्दानं मेलेली माणसं पुन्हा उठतात त्या, वाळलेल्या हाडांच्या दरीचं ते प्रवचन, हाडाला हाड जुळत जाणारं, श्वासागणिक "हाः" म्हणत पुढे सरकणारं. ते ऐकताना व्हर्लीनच्या आईनं एकदा टोपी भिरकावली होती आणि ती डीकनच्या मांडीवर जाऊन पडली होती. आई गेली. लाईल्स गेले. देवळात आता पडदा आहे, त्यावर वचनं झळकतात, आणि प्रवचन वीस मिनिटांत संपतं.

मासा थंड झाला होता. तिनं काटा उचलला आणि खाली ठेवला. गेला मे महिना. या खेपेला ब्रॅबहॅम फर्मची तपासणी तिच्याकडे आली होती. डीकनच्या ऑफिसातली ती खोली, खिडकीत बसवलेल्या थंड हवेच्या यंत्राची घरघर, आणि दारात मिस ओझेला, पन्नास वर्षं त्यांची चिटणीस, कंबरेवर हात ठेवून. "आली का परीक्षा घ्यायला? ह्याच टेबलापाशी रडत बसायचीस, बेरीज जुळत नाही म्हणून. आता आमचीच बेरीज तपासणार!" डीकन खदखदून हसले होते. "बसू दे गं तिला. घरचं माणूस तपासायला आलं तर बरंच." मग संगणकावरचे फॉर्म. डीकनना संगणकाचं वावडं, म्हणून तीच भरत होती आणि ते शेजारी चष्मा कपाळावर चढवून बघत होते. शेवटी ती चौकट आली. निकाल मंडळाला दाखवू नये असं वाटत असल्यास येथे खूण करा. "हे काय गं?" त्यांनी विचारलं. आणि ती म्हणाली, अगदी सहज, माशी हाकलावी तसं, "काही नाही हो. यावर खूण केलीत तर निकाल तुम्हाला स्वतः पोस्टानं पाठवत बसावा लागेल. कोरीच राहू द्या, टपालखर्च वाचेल."

टपालखर्च! चोवीस वर्षांत तिची स्वतःची फर्म एकदाही पासच्या खाली आली नव्हती. जो दर वेळी पास होतो त्याला त्या चौकटीचा अर्थच कधी कळत नाही. त्याला वाटतं ती पोस्टाच्या सोयीसाठी आहे. नापास होणाऱ्यालाच ती दार वाटते, कडी घालता येणारं. आणि डीकनच्या ऑफिसात बसून नापासचा विचार? तो तिच्या मनाच्या आसपासही फिरकला नव्हता. चौकट कोरी राहिली आणि तिनं पुढचं पान उघडलं.

तिसऱ्या दिवशी लहान मुलांच्या पाळणाघराची फाइल हातात आली. सरकारी मदतीवर मुलांना दुपारचं जेवण मिळतं. ज्यांच्या नावावर जेवण लागतं ती मुलं खरोखर येतात का, हे चाळीस नावं निवडून पडताळायचं. पानावर मथळा होता, पडताळलेली मुलं. खाली डीकनच्या सुंदर, टोकदार अक्षरांत आद्याक्षरं, तारीख. मध्ये काहीच नाही. पान कोरं. तिला वाटलं दुसरं पान मागे राहिलं असेल. मिस ओझेलानं कपाटं पालथी घातली, एकही टोमणा न मारता. दुसरं पान नव्हतंच. "डीकन, ही चाळीस नावं कुठं आहेत?"

"अगं, मी गेलो होतो ना. मुलांबरोबर जेवलो. छोट्या खुर्चीवर बसलो तर गुडघे हनुवटीला लागले," ते हसले. "एक पोरगी होती, पुढचे दोन दात नाहीत, पिवळी रिबीन. तिनं मला तिच्या ताटातला पीच दिला. म्हणाली, आजोबा, मला हे बुळबुळीत आवडत नाही, तुम्ही खा. आणि मग गाणं म्हणायला लागली, टेबलावर थापा मारत. टॅम्सिन तिचं नाव."

यंत्राची घरघर चालूच होती. टॅम्सिन व्हर्लीनची भाची. पिवळी रिबीन व्हर्लीननंच बांधून दिली होती, त्या वेळी डीकनबरोबर पाळणाघरात तीही गेली होती, हातात वही घेऊन, शिकाऊ म्हणून. टॅम्सिन आता एकतीस वर्षांची, अटलांटात बस चालवते. व्हर्लीननं डीकनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो स्वच्छ होता, पीच खाल्ल्यासारखा समाधानी. "गोड होता का?" तिनं विचारलं. "होता तर," ते म्हणाले. "अजून चव आहे तोंडात."

दारात मिस ओझेला भिंतीला टेकून उभी होती. तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

आणखी दोन फाइलींत तसंच निघालं. तिला नापास लिहावं लागलं. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, कागदपत्रं अपुरी. खोटं नव्हतं ते. पण आपण काय लिहिलं नाही हे तिला माहीत होतं, आणि तिला खोडरबर काढून घेणारा माणूस समोरच बसला होता. त्यांनी शेरा वाचला. मग म्हणाले, "बरोबर आहे. कागदावर नाही तर नाही." आणि जरा थांबून, लहान आवाजात, तिनं आजवर न ऐकलेल्या, "पोरी, हे आपल्यातच राहील ना? मला थोडा वेळ दे. हळूहळू आवरतं घेतो. फाइली तुझ्याकडेच देईन." ती म्हणाली, "हो, डीकन. आपल्यातच राहील." त्या क्षणी तिला चौकट आठवली नाही. शपथेवर सांगते, असं ती खानावळीत स्वतःशीच पुटपुटली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं. आठवली नाही, खरंच आठवली नाही. पण आपल्याला आठवावीशी वाटली नसेल तर? सभेत टाळ्या घेणारी व्हर्लीन आणि शब्द देणारी व्हर्लीन, या दोघींनी मिळून ती कोरी ठेवली असेल तर? कारण त्या पाळणाघरात आजही मुलं जेवतात. त्यांची नावं कुणीतरी खरोखर बघायला हवीत. आठवणीतल्या मुलांना जेवू घालून कागदावरच्या मुलांचं पोट भरत नाही. हे सगळं खरं होतं, आणि तरी कॉबलरचा वास नाकात आला तशी तिनं ताट दूर सारलं.

मंडळाचं पत्र चार दिवसांत येईल, फार तर आठ. कडक सरकारी पाकीट, अनोळखी सही. ते मिस ओझेलाच्या हातून त्यांच्या टेबलावर पडणार आणि व्हर्लीननं दिलेला शब्द मोडल्याचं त्यांना त्या पाकिटातून कळणार. ताट तसंच टाकून ती उठली.

डीकनच्या ऑफिसाच्या पायऱ्यांवर ऊन तापलं होतं. आत मिस ओझेला पुढच्या खोलीत मटाराच्या शेंगा सोलत होती, मांडीवर वर्तमानपत्र पसरून. "काय गं, तोंड का असं? कुणाला पुरून आलीस?" व्हर्लीननं फोन पुढे केला. म्हातारीनं चष्मा लावून ओठ हलवत दोन ओळी वाचल्या, फोन परत दिला, आणि शेंगा सोलत राहिली. दोन शेंगांनंतर म्हणाली, "आत आहेत. आज बरा दिवस आहे. लाईल्सचं प्रवचन म्हणताहेत सकाळपासून." आणि व्हर्लीन दाराशी पोचली तेव्हा मागून, "ते आधी संपू दे. मध्येच तोडू नकोस. तोडलं की पुन्हा सापडत नाही त्यांना."

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोटांनी टेबलावर ताल धरला होता. हाडाला हाड जुळत होतं, घोट्याला नडगी, नडगीला गुडघा, आणि प्रत्येक जोडापाशी तो "हाः", तीस वर्षांपूर्वीचा, आता नसलेल्या माणसाचा श्वास, जिथल्या तिथे, एकही न गळता. आवाज म्हातारा होता, वर जाताना फाटत होता, पण वळणं सगळी शाबूत. व्हर्लीन दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला आई दिसली, भिरकावलेली टोपी दिसली. देवा, या माणसात तू काय ठेवलंस आणि काय नेलंस, तुझी निवड तरी कशी म्हणायची? आणि आपोआप, लहानपणीच्या सवयीनं, तिच्या तोंडून गेलं, "हं, सांगा!" डीकन वळले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांत जीव आला. बाहेरच्या खोलीतून मिस ओझेलाचा आवाज आला, "थांबू नका!" दरीतली हाडं उभी राहिली, त्यांच्यावर मांस चढलं, वारा आला, आणि मग प्रवचन संपलं, आणि खोलीत फक्त यंत्राची घरघर उरली.

"आलीस होय," ते म्हणाले. "बस. जेवलीस का?"

तिनं सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून, चौकटीपासून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे क्रमानं. सबब सांगितली नाही. कारण देण्यासारखं काही नव्हतं. "मी तुम्हाला शब्द दिला होता, डीकन. तो देतानाच खोटा होता. मला ठाऊक नव्हतं, पण खोटा होता."

"चौकट," ते म्हणाले. "मला ती चौकट आठवत नाही." मग, "मी भरत असतो तरी कोरीच ठेवली असती. मीही कधी नापास झालो नव्हतो ना." ते हसले, आणि हसू मध्येच थांबलं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसले. "व्हर्लीन. ती चाळीस मुलं. मी बघितली होती का?"

एवढं एकच विचारलं त्यांनी. आणि काय सोपं होतं "हो" म्हणणं! पीच खाल्ला होतात तुम्ही, रिबीन पिवळी होती, मी तिथे होते, हे सगळं खरंच होतं, नुसती तारीख तेवढी सांगायची नाही. तिच्या तोंडात तो "हो" आला सुद्धा. पण समोर जो बसला होता त्यानं तिला बाविसाव्या वर्षी सांगितलं होतं, न पाहिलेल्यावर सही करायची नाही, समोरचा रडला तरी.

"मला माहीत नाही, डीकन," ती म्हणाली. "टॅम्सिनला तुम्ही बघितलंत. ते मी पाहिलंय. पण तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता एकतीसची आहे."

बाहेर शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"एकतीस," ते म्हणाले. पुन्हा, चव घेतल्यासारखं, "एकतीस." आणि मग मान हलवली, सभेत हलवली होती तशीच. "बरोबर उत्तर दिलंस. मी भीत होतो तू हो म्हणशील." त्यांनी खण उघडला, कोरा कागद काढला, पेन घेतलं. मंडळाला स्वतःच लिहायला बसले. त्यांचं पाकीट यायच्या आत आपलं जायला हवं, एवढंच बोलले. तीन ओळी लिहिल्या. ऑडिटचा परवाना मी आपणहून परत करतो. यापुढे मी पाहिलं असं मी म्हटलं तर ते ग्राह्य धरू नये. पाळणाघराची मुलं नव्यानं, एकेक करून पाहावीत, व्हर्लीन टूक्स पाहील. अक्षर अजून तसंच होतं, टोकदार, सरळ रेषेत, एकाही ओळीत न डगमगणारं. खाली सही केली. मग तारीख. महिना बरोबर लिहिला, दिवस तिला विचारून लिहिला, आणि वर्षाचा आकडा त्यांनी न विचारता, न अडखळता, ठामपणे लिहून टाकला. पिवळ्या रिबिनीचं वर्ष.

व्हर्लीनची नजर त्या आकड्यावर अडकली असावी, कारण त्यांनी मान वर केली, तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांनी विचारलं नाही काय चुकलं. पेन उचललं आणि त्या आकड्यावरून एक रेघ ओढली, एकच, सरळ. खालचं वर्ष स्पष्ट वाचता येत होतं. शेजारी लहान अक्षरांत आद्याक्षरं घातली. मग पेन तिच्या हातात दिलं. "खरं ते तू लिही," ते म्हणाले. "माझी रेघ घालून झाली."

तिनं लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघं कागदाकडे बघत बसले. मिस ओझेला आत आली, पाकिटावर तिकीट चिकटवलं, आणि पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसत म्हणाली, "मटार शिजायला ठेवते. दोघंही जेवून जा. उपाशी माणसाचं पत्र पोस्टात सुद्धा घेत नाहीत."

एवढीच गोष्ट. राज्याच्या यादीत आता ब्रॅबहॅम हे नाव शोधलंत तर मिळणार नाही. पाळणाघराच्या फाइलीत चाळीस नावं आहेत, व्हर्लीनच्या हातची, आणि ती मुलं खरोखर जेवतात. पुढच्या हिवाळ्यात तर डीकनना व्हर्लीनचंही नाव सापडेनासं झालं. ते तिला "पोरी" म्हणत, आणि तेवढं पुरत असे. प्रवचन मात्र अखेरपर्यंत तोंडपाठ होतं. आता माझं मागणं. तुम्ही उद्या प्रार्थनेला बसाल, दिव्यापुढे हात जोडाल, किंवा नुसतेच उंबऱ्यात घटकाभर उभे राहाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की त्यांच्यामागून आणखी एक घ्या. होसिया ब्रॅबहॅम. त्या नावावरून रेघ ओढलेली आहे, पण एकच. खालचं अजून वाचता येतं.